मोकळी जमीन

गेल्या हिंवाळ्यांत एका व्याख्यानमालेंत अध्यक्षस्थानीं बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. व्याख्याते अर्थशास्त्राचे जाणकार होते आणि विषय होता शहरांची वाढ. बोलण्याच्या ओघांत ते म्हणाले, “शहराच्या हद्दींत भाजी पिकविण्याचा आग्रह हा भरल्या पोटाचा छंद आहे. ज्या एकरांत शंभर कुटुंबांस घरें मिळतील, त्या एकरांत मेथीच्या जुड्या काढणें हा मोकळ्या जमिनीचा अपव्यय होय. भाजी काय, जेथें स्वस्त पिकेल तेथून येईल!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षानें समारोपांत व्याख्यात्याचें अभिनंदन करावयाचें असतें, त्याच्याशीं वाद घालावयाचा नसतो, हा आपल्याकडील शिष्टाचार. तो मीं पाळला, आणि घरीं आल्यावर मला बराच वेळ झोप आली नाहीं. त्या सभेंत जें बोलावयाचें राहून गेलें तें येथें लिहीत आहें.

प्रथम, प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें त्याच्या पदरांत टाकूं. स्थानिक अन्नाचा कैवार घेणारे पुष्कळ लोक सांगत असतात कीं, लांबून येणारी भाजी मालमोटारींच्या धुरानें हवा बिघडविते, म्हणून जवळची खावी. हा मुद्दा दिसतो तितका भक्कम नाहीं. अमेरिकेंतील वेबर व मॅथ्यूज या संशोधकांनीं २००८ सालीं तेथील घरगुती अन्नाचा हिशेब मांडला. अन्नापायीं हवेंत जाणाऱ्या उष्णतावर्धक वायूंपैकीं सर्व वाहतुकीचा वांटा सुमारें ११ टक्के निघाला, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा तर अवघा ४ टक्के. बाकीचा बहुतेक भार अन्न पिकविण्याच्या पद्धतीचा होता. तेव्हां जवळ पिकलें म्हणजे निर्मळ पिकलें, असा नियम सांगतां येत नाहीं. तसेंच मुंबईनें आपला गहूं आपणच पिकवावा असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. धान्य टिकतें, त्यानें प्रवास करावा, हें योग्यच आहे.

मग वाद उरतो तो कशाविषयीं? ‘मोकळी’ या एका शब्दाविषयीं. शहरालगतची बागाईत ही रिकामी पडलेली, कोणाच्या तरी उपयोगाची वाट पाहत असलेली जागा आहे, असें व्याख्यात्यांनीं गृहीत धरलें आणि सभेनें टाळ्या वाजवून तें मान्य केलें. माझें म्हणणें असें कीं, ती जमीन मोकळी नसते. ती शहराचीं चार कामें करीत असते. पावसाचें पाणी ती मुरविते. लवकर नासणारें अन्न वेळेवर पुरविते. शहराचा ओला कचरा पचविण्याची शक्ति तिच्या अंगीं असते. आणि खाणाऱ्याची पिकविणाऱ्याशीं ओळख ती राखते. हीं कामें ती फुकट करिते, म्हणून तीं कोणाच्याहि खातेवहींत दिसत नाहींत. आणि जें खातेवहींत दिसत नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं, असें मानणाऱ्या बुद्धीला आपण हल्लीं व्यवहारज्ञान म्हणतों.

उदाहरण दूरचें नको. वसई म्हटली कीं आपल्या शिकलेल्या कुटुंबांस १७३९ साल आठवतें, चिमाजीअप्पा आठवतात, पोर्तुगीजांचा किल्ला आठवतो. परंतु त्या किल्ल्याच्या उत्तरेस समुद्राच्या कांठाकांठानें जो वाड्यांचा हिरवा पट्टा पसरत गेला आहे, त्यानें मुंबईला कित्येक पिढ्या भाजी पुरविली, ही गोष्ट आपल्यापैकीं किती जणांना ठाऊक असते? राजेळी केळीं आणि तीं वाळवून केलेलीं सुकेळीं, नागवेलीचीं पानें, वांगीं, दुधी, पडवळ, काकडी, माठ, मुळा, पूजेचीं फुलें, दूध, हा सर्व माल पहाटेच्या आगगाडीनें मुंबईस जाई, आणि सूर्य वर येण्याच्या आंत शहराच्या स्वयंपाकघरांत पोहोंचे. पालेभाजीच्या वजनांत बहुतेक भाग पाणीच असतें. ती खुडल्या क्षणापासून कोमेजूं लागते आणि तिच्यांतील ‘क’ जीवनसत्त्व तासागणिक घटत जातें. गव्हाचा न्याय तिला लावणें म्हणजे दुधाला दगडाचा न्याय लावणें होय.

आतां या वाड्यांना पाणी कोठून मिळे, तें पाहण्यासारखें आहे. वसईच्या गांवांत ‘बावखल’ या नांवाचीं गोड्या पाण्याचीं जुनीं तळीं आहेत. पूर्वजांनीं तीं वाडीच्या कडेला खणून ठेविलीं होतीं. उत्तर कोंकणांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तो बावखलांत सांठे, वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपे आणि विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरे. तळ्यावर व विहिरीवर रहाट चाले. समुद्रकांठच्या जमिनीखालीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें; जितकें वरून मुरेल तितकेंच खालून उपसावें, हा त्या भूमीचा करार. रहाटाच्या गतीनें उपसा होत होता तोंपर्यंत हा करार मोडला नाहीं. बावखल हा शब्द आपल्या व्याख्यात्यांच्या कानावरून कधीं गेला असेल असें वाटत नाहीं. कागदावर मात्र तें तळें अगदीं ‘मोकळें’ दिसतें, आणि भरणी घातली कीं तेथें चार मजले उभे राहतात.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत आम्ही रहात होतों तेव्हां वसईकडील एक बाई दिवसाआड भाजीची टोपली घेऊन दारावर येत असे. माझी आई तिला ‘बाय’ म्हणे, आणि ती आईला ‘वहिनी’. आई घासाघीस करी, ती हंसून दोन रुपये सोडी. परंतु पाऊस लागून गेला असला कीं तीच होऊन सांगे, “वहिनी, आज माठ नका घेऊं, पानांत माती आहे. दुधी न्या.” स्वतःच्या मालाविरुद्ध असा सल्ला देणारें दुकान मीं पुढें कधीं पाहिलें नाहीं. आईच्या शेवटच्या आजारांत ती टोपली बाहेर ठेवून तासभर उशाशीं बसली होती. हें मी मन हळवें करण्यासाठीं सांगत नाहीं. ज्या व्यवहारांत विकणाऱ्याला विकत घेणाऱ्याचें घर माहीत असतें आणि घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या विहिरीचें पाणी माहीत असतें, तेथें भेसळ करणें व फसविणें कठीण जातें, एवढाच माझा मुद्दा. अर्थशास्त्र ज्याला ‘विश्वास’ म्हणतें, आणि ज्याच्या अभावीं मोहोर, परवाना व तपासणी यांवर शासनास पैसा खर्चावा लागतो, तो त्या टोपलींतून फुकट येत होता.

या वसईचें पुढें काय झालें? १९९० सालीं सिडकोला त्या भागाचें विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यांत आलें आणि इमारतींची लाट आली. इमारती आधीं उभ्या राहिल्या. त्यांना पाणी कोठून द्यावयाचें हा विचार मागाहून झाला. मग गांवांतील विहिरींना पंप बसले आणि तेथील गोडें पाणी टँकरांतून नव्या वस्त्यांकडे जाऊं लागलें. वर गेलेल्या गोड्या पाण्याची जागा घेण्यास समुद्र टपलेलाच होता. ज्या विहिरींवर केळी वाढत होत्या, त्यांतील कित्येक मचूळ झाल्या. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं गांवोगांवच्या लोकांस एकत्र करून ‘हरित वसई’चें आंदोलन उभारलें. साहित्यरसिकांस दिब्रिटो आठवतात ते ‘सुबोध बायबल’चे कर्ते म्हणून आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. २०२४ सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांच्या भाषाशैलीवर पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ज्या विहिरींसाठीं त्या मनुष्यानें धमक्या सोसल्या, त्या विहिरी म्हणजे जणूं त्यांच्या चरित्रांतील एक किरकोळ प्रकरण! आपल्या वाङ्मयप्रेमाची ही एक गंमतच म्हणावयाची.

२००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. इतक्या लोकांची तहान विहिरींनीं भागेना, म्हणून सूर्या धरणाचें पाणी आणलें गेलें. तें धरण मुळांत डहाणू-पालघरकडील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठीं होतें. म्हणजे एका शेतकऱ्याची विहीर बिघडवून झाल्यावर आपण दुसऱ्या शेतकऱ्याच्या पाटाकडे वळलों. पुढें जुलै २०१८ मध्यें मोठा पाऊस झाला. नालासोपारा-विरार भागांत रूळ पाण्याखालीं गेले, गाड्या बंद पडल्या, वस्त्या पाण्यानें वेढल्या गेल्या आणि वीज गेली. पाऊस असा पूर्वींहि पडत असे. पण पूर्वीं त्याला मुरावयास शेतें, वाड्या आणि बावखलें होतीं. ज्या पाण्याच्या जागा आपण ‘मोकळ्या’ म्हणून भरून काढल्या, तें पाणी घरांच्या तळमजल्यावर येऊन बसलें. या नुकसानीचा आंकडा ‘स्वस्त’ घराच्या किंमतींत कोणीं मिळविला आहे काय?

व्याख्यात्यांच्याच शास्त्रांत याला नांव आहे. ज्या खर्चाचा बोजा करणाऱ्यावर न पडतां तिऱ्हाइतावर पडतो, तो बाजारभावांत उतरत नाहीं, हें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि आम्ही शिकवितों. मेथीच्या एकराचें उत्पन्न आणि इमारतीच्या एकराचें उत्पन्न यांची तुलना करून व्याख्याते थांबले. पण मेथीचा एकर जें पाणी मुरवीत होता त्यासाठीं आतां गटार बांधावें लागेल, जी विहीर भरीत होता तिच्याऐवजीं दुरून नळ आणावा लागेल, हा जमाखर्च त्यांनीं मांडलाच नाहीं.

असा जमाखर्च मांडतां येतो, आणि एका शहरानें तो डोळ्यांनीं पाहिलाहि आहे. कलकत्त्याच्या पूर्वेस सुमारें १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचें सांडपाणी कालव्यांनीं तेथील उथळ तळ्यांत सोडलें जातें. उन्हानें पाण्यांत शेवाळ वाढतें, शेवाळ व सूक्ष्मजंतु मिळून घाण पचवितात, त्यावर मासे पोसतात, आणि निवळलेलें पाणी पुढें भातशेतीस मिळतें. शेजारीं धापा येथें शहराच्या कचऱ्यावर भाजीचे मळे उठले. १९८० च्या सुमारास ध्रुवज्योति घोष या सरकारी अभियंत्यानें शहराचें सांडपाणी जातें कोठें याचा माग काढला. शहरास जें महागडें शुद्धीकरण यंत्र बांधावें लागलें असतें तें कोळी व शेतकरी यांनीं पिढ्यान्‌पिढ्या फुकट चालविलें आहे, असें त्याला दिसून आलें. १९९२ सालीं तेथील उच्च न्यायालयानें हा प्रदेश भरून काढण्यास मनाई केली, आणि २००२ सालीं त्याची रामसर करारांत नोंद झाली. तेथेंहि अतिक्रमणें होतात. घोष २०१८ सालीं वारले ते शेवटपर्यंत त्यांविरुद्ध झगडत होते. परंतु ती जमीन मोकळी नाहीं, एवढें तरी तेथें न्यायालयाच्या दप्तरांत लिहिलें गेलें आहे. आमच्याकडे मात्र १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनार येथें पडूं लागला, त्याचा डोंगर झाला, आणि जानेवारी २०१६ मध्यें त्या डोंगरास लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या कचऱ्यांत मोठा भाग होता तो आपल्याच स्वयंपाकघरांतील सालींचा, देंठांचा आणि उष्ट्याचा. ज्या मातींतून तें अन्न आलें त्या मातीस तें परत गेलें असतें तर खत झालें असतें. आपण त्याचा धूर केला.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. रुळांलगत गटाराच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी मुंबईकर भीतभीत खातो. शहराच्या पाण्यांत कारखान्यांचीं विषें मिसळतात, तीं पानांत उतरतात. मग शहरालगतच्या भाजीचा आग्रह कशाला? माझें उत्तर असें कीं, हा आक्षेप भाजीवर नसून गटारावर आहे. तेंच पाणी नाल्यांतून खाडींत जातें आणि मासळींतून आपल्याच ताटांत येतें. भाजी काढून टाकल्यानें विष नाहींसें होत नाहीं. तें दाखविणारी खूण मात्र नाहींशी होते.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा: गरिबांना घरें नकोत काय? हवींत, आणि गरिबांचें नांव घेऊन बोलणाऱ्यांनीं हा प्रश्न पुरता विचारावा, अशी माझी विनंति आहे. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील शहरांत लाखों घरें रिकामीं आढळलीं. तीं कोणाचीं होतीं? बेघरांचीं नव्हतीं. पैसा गुंतविण्यासाठीं घेऊन कुलूप लावून ठेविलेलीं तीं आपल्यासारख्यांचीं होतीं. तेव्हां खऱ्या अर्थानें मोकळी जागा कोणती? जेथें केळ वाढते आहे ती, कीं जेथें पांच वर्षें दिवा लागलेला नाहीं ती? आम्ही आंबे तोडून इमारत बांधतों आणि तिला ‘आमराई’ नांव देतों. गच्चींत चार कुंड्या ठेवून त्यांतील टोमॅटोचीं छायाचित्रें आप्तेष्टांस पाठवितों. कुंड्यांना माझा विरोध नाहीं. माझ्याहि घरीं आहेत. परंतु जी वाडी मारून आपण गच्ची घेतली तिचें प्रायश्चित्त कुंडीनें होत नाहीं.

तिसरा आक्षेप माझा मलाच सुचलेला आहे, आणि तो सर्वांत कठीण आहे. वाडी विकतो तो वाडीचा मालकच. त्याच्या मुलाला चिखलांत उतरावयाचें नाहीं, त्याला नोकरी हवी, शिक्षण हवें. आपल्याला ताजी भाजी आणि मोकळी हवा मिळावी म्हणून त्यानें गरीब रहावें, असें सांगण्याचा अधिकार मला कोणीं दिला? कोणींहि दिलेला नाहीं. म्हणूनच, वाडी जपावयाची असेल तर तिच्या कामाचा मोबदला तिच्या धन्यास मिळाला पाहिजे; नुसतें कौतुक करून भागणार नाहीं. रस्त्यासाठीं जमीन गेली तर आपल्या राज्यांत मालकाला हस्तांतरणीय विकासहक्क मिळतो. तो हक्क दुसरीकडे वापरतां वा विकतां येतो. रस्ता हें सार्वजनिक काम, आणि पाणी मुरविणें हें खाजगी, असा भेद कोणत्या शास्त्रानें केला? जो बागाईतदार आपली वाडी व आपलें बावखल राखील त्यालाहि असाच हक्क कां मिळूं नये? नगरपालिकेनें ओल्या कचऱ्याचें खत करून त्याच्या बांधावर कां पोंचवूं नये? स्टेशनच्या आवारांत त्याच्या घरच्या बाईला बसण्यास हक्काचे चार हात कां मिळूं नयेत, कीं ज्यायोगें तिला शिपायाच्या भीतीनें टोपली उचलून पळावें लागणार नाहीं?

हें स्वप्नरंजन आहे असें ज्यांना वाटेल, त्यांनीं इंग्लंडकडे पहावें. त्या देशाचे दाखले आपल्या वर्गाला लवकर पटतात. १९०८ च्या कायद्यानें तेथील स्थानिक संस्थांवर असें बंधन आलें कीं, मागणी असेल तेथें रहिवाशांस भाजीपाल्यासाठीं जमिनीचे लहान तुकडे भाड्यानें द्यावे. १९२५ च्या कायद्यानें असे तुकडे, त्यासाठींच घेतलेले असतील तर, मंत्र्याच्या संमतीवांचून विकण्यास बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धांत जहाजें बुडूं लागलीं तेव्हां या तुकड्यांची संख्या सुमारें १४ लाखांवर गेली आणि शहरांनीं आपल्या ताटांतील बराच भाजीपाला स्वतः पिकविला. ज्या देशांत कारखानदारी जन्मली त्या देशानें शहरांतील भाजीच्या वाफ्याला कायद्याचें संरक्षण द्यावें, आणि जेथें घरोघरीं परसबाग होती त्या देशानें तिला भरल्या पोटाचा छंद म्हणून हिणवावें, याला काय म्हणावें? २०२० च्या टाळेबंदींत आपणांसहि चार दिवस त्याची चुणूक मिळाली होती. मोठे बाजार बंद, मालमोटारी अडलेल्या. अशा वेळीं ज्यांच्या वस्तीलगत मळा होता त्यांच्या दारीं भाजी आली. बाजार उघडले आणि तो धडा आपण विसरलों.

आतां वाचकांस एकच विनंति करून हें लांबलेलें भाषण पुरें करतों. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणें शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, आणि त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. आपल्यासारखीं कुटुंबें त्या वेळीं बहुधा गप्प असतात. ज्यांना जमीन हवी असते ते मात्र वेळेवर हजर असतात. पुढच्या वेळीं तो नकाशा आपल्या गांवांत लागेल तेव्हां तेथें जावें, आणि ज्या ज्या तुकड्यावरची शेतीची खूण पुसून वस्तीचा रंग भरलेला दिसेल, त्या त्या ठिकाणीं प्रत्यक्ष जाऊन पहावें. तेथें विहीर आहे काय, तळें आहे काय, पहाटे तेथून कोणी टोपली घेऊन निघतें काय, हें विचारावें. मग एका साध्या कागदावर आपली हरकत लिहून द्यावी. त्या व्याख्यात्यांनाहि मी हें पत्रानें कळविलें आहे, आणि वसईस बरोबर येण्याचें निमंत्रण दिलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं. तें आलें, तर पहिल्या गाडीनें जाऊं. कारण जें पहावयाचें आहे तें सूर्य वर आल्यावर दिसत नाहीं.